चौथी बेडरूम

“म्याडम, त्या खोलीचं नाव बदला. झालं काम,” भगवानराव म्हणाले.

स्क्रीनवर त्यांच्या परतूरच्या नव्या घराचा प्लॅन होता. सगळ्या खोल्या हिरव्या, एकच लाल. मागच्या कोपऱ्यातली, जिना आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. आठ बाय सहा.

हे लाल-हिरवं काय ते आधी सांगते. घराचं डिझाइन आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, त्यात पहिल्यांदा भिंती ओढायच्या. बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची. चारही भिंती कोपऱ्यात एकमेकींना भिडल्या की मधल्या जागेला सॉफ्टवेअर खोली मानतं. बोटभर फट राहिली तरी मानत नाही. खोली झाली की ते नाव विचारतं. बेडरूम, किचन, टॉयलेट, स्टोअर. मग नावाप्रमाणं तपासतं. बेडरूम म्हटलं तर ठरावीक जागा पाहिजे, बाहेरची हवा घेणारी खिडकी पाहिजे. स्टोअर म्हटलं तर खिडकीशिवाय चालतं. परवानगीसाठी प्लॅन ऑनलाइन जातो, तिथंही हीच नावं वाचली जातात.

भगवानरावांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, मागं गोदाम आहेच, शिवाय माल ठेवायला आणखी एक खोली काढा, खिडकी नको. मी स्टोअर काढलं. खोली हिरवी झाली. मग ऑफिसात येऊन बसल्यावर म्हणाले, “त्यातच एक संडास-बाथरूम टाका.”

“स्टोअरमध्ये संडास? कोणासाठी?”

“असू द्या की. लागतो.”

“कोणी राहणार असेल तर ते स्टोअर नाही, भाऊ.” मी नाव बदलून बेडरूम केलं. खोली लाल झाली.

“अगुदर हिरवी होती ना? मंग पहिलं नाव टाका.”

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. जालन्यात सिव्हिल इंजिनिअरिंग केलंय मी. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वडील स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर होते. मोंढ्याच्या रस्त्याला माझं ऑफिस आहे आणि बोर्डावर माझंच नाव आहे. ते नाव ज्या कागदावर जातं तो कागद खरा असावा, एवढा माज मला आहे.

शेवटी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, शारदाकाकूंनी, सांगून टाकलं. “शकूसाठी हाय ती खोली. ह्यांची धाकटी बहीण. डोक्यानं जरा अशी हाय.”

“तू गप बस,” भगवानराव म्हणाले.

“गप बसून काय? संडास काढायला लावलाच की तुम्ही. म्याडमला कळत न्हाई व्हय?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शकूला लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आजार सुरू झाला. सासरच्यांनी आणून सोडली ती सोडलीच. आई होती तोवर आई बघायची. आता काकू बघतात. शकू घरातून निघून जाते. मागं एकदा रेल्वेच्या रुळावर बसलेली सापडली, गँगमननं घरी आणून सोडलं. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारते, काही वेळा शिव्या देते. आता मुलाच्या लग्नाचं चाललंय. पाहुणे घर बघायला येणार.

“पाहुण्यांसमोर ही ओरडत बसली तर कोण पोरगी देईल?” भगवानराव म्हणाले. “मी काय तिला उपाशी ठेवून राह्यलो का? संडास आत, पंखा आत, जेवण टायमावर. बिलकुल कमी पडू देणार न्हाई.”

मी म्हटलं, आधी शकूआत्यांना बघते, मग ठरवू.

परतूरला गेले तेव्हा जुन्या घरातली कपाटं-पलंग मोजायचं निमित्त होतं. शकूआत्या रस्त्याकडच्या खिडकीत पाय पसरून बसल्या होत्या. चाळिशी उलटलेली बाई, केस बारीक कापलेले. मला बघून म्हणाल्या, “कोणाची गं तू?”

“मी इंजिनिअर. तुमच्या नव्या घराचा नकाशा काढून राह्यले.”

“मला कुठं टाकलं त्यात?”

“अजून ठरायचंय.”

“ह्या भगवान्याला इचार. त्याला समदं खोक्यात लागतंय. मोटर खोक्यात, बहीण बी खोक्यात. मला एक गॅरंटी कार्ड तेवढं देजो म्हणावं.”

भगवानराव दारात उभे होते. त्यांनाही हसू आलं. मग ते तोंड फिरवून बाहेर गेले. या माणसाला सरळ वाईट म्हणून टाकता आलं असतं तर माझं काम सोपं होतं.

“खोलीत तुम्हाला काय पाहिजे?” मी आत्यांना विचारलं.

“उजेड,” त्या म्हणाल्या. मग बारीक केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “अन् आरसा. पण आरसा देत न्हाईत. फोडते मी.”

ऑफिसात परत आले आणि भिंती हलवायला बसले. अडचण स्पष्ट होती. बाहेर खिडकी दिली तर रस्ता दिसणार, हाका जाणार. खिडकी नाही दिली तर ती कोंडवाड्याची खोली. मग मी जिना पुढं ओढला, गोदामाची साडेचार इंची भिंत आत सरकवली आणि त्या दोघांच्या मधे आठ बाय आठचा चौक काढला. वर उघडं आभाळ. खोली दहा बाय दहा केली. तिची मोठी खिडकी आणि दार, दोन्ही चौकात. चौकाचं दुसरं दार काकूंच्या स्वयंपाकघरात. शकूआत्यांना दिवसभर आत-बाहेर करता येईल, उन्हात बसता येईल, पण रस्त्यावर जाता येणार नाही. बाहेरच्या कोणाला दिसणारही नाहीत.

यात एक मेख असते. चार भिंती भिडल्या की सॉफ्टवेअर चौकालाही खोलीच समजतं आणि आपोआप वर स्लॅब टाकतं. तो हातानं काढून टाकावा लागतो. मी काढला, नाव दिलं ‘ओपन टू स्काय’, आणि तपासलं. सगळं हिरवं. मागची खोली झाली ‘बेडरूम चार’.

काकूंनी स्क्रीनजवळ येऊन पाहिलं. “म्हंजे मी भाकरी करताना ती मला दिसंल?”

“दिसतील.”

“मंग हे बराबर हाय.” 

भगवानरावांनी कुरकुर केली. गोदाम लहान झालं होतं. “माल कुठं ठेवू? डोक्यावर?” पण बायकोच्या तोंडाकडं बघून हो म्हणाले. मी सही केली. परवानगी आली. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते, हेही सांगून टाकते.

बांधकाम सुरू झालं. पाया, कॉलम, भिंती, सगळं प्लॅनप्रमाणं. चौकातल्या खिडकीची चौकट बसलेली मी डोळ्यानं पाहिली. मग माझं बदनापूरचं एक काम अंगावर आलं आणि परतूरची फेरी लांबली. बांधकाम करणाऱ्या गुत्तेदाराला रोज फोन होता. “सगळं ओके हाय म्याडम,” एवढंच ऐकू यायचं.

गेले तेव्हा प्लास्टर चाललेलं. मागं गेले तर अंधार. वर बघितलं. चौकावर स्लॅब होता.

“हे काय?”

गुत्तेदार शांतपणे म्हणाला, “मालकानं सांगितलं, माल ठिवायला पाहिजे. बाकीच्या स्लॅबचं सेंटरिंग लावलंच होतं, त्यातच ओतून घेतलं.”

“आणि खिडकी?”

“बुजवली. खोके रचल्यावर काचा फुटल्या अस्त्या.”

खिडकीच्या जागी विटा होत्या, त्यांचा गिलावा अजून ओला होता. शकूआत्यांच्या खोलीचं लाकडी दार गेलं होतं, लोखंडी आलं होतं. त्याची कडी बाहेरून.

भगवानराव दुकानातून आले. मी म्हटलं, “भाऊ, हे तोडावं लागेल.”

“स्लॅब तोडू? डोकं फिरलं का?”

“निदान खिडकी उघडा. वरच्या बाजूला झरोका तरी काढा.”

“अहो, परवानगी भेटली ना? कागदावर खिडकी हाय ना? मंग कोणाला काय करायचंय?”

“आत माणूस राहणार आहे.”

आता त्यांचा आवाज चढला. “तुम्ही एक दिवस येता, चहा पिता, जाता. आई गेल्यावर मीच सांभाळून राह्यलो तिला. तिच्या नवऱ्यानं ढुंकून पाह्यलं न्हाई. नातेवाईक कोणी फिरकत न्हाईत. तुम्हाला एवढा कळवळा हाय तर नेता का घरी?”

मी म्हणाले, “नाही नेत.”

“मंग.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

घर बांधून झालं की ते प्लॅनप्रमाणं झालंय असा एक दाखला इंजिनिअर देतो. तो मी दिला नाही. भगवानरावांनी दुसऱ्या कोणाकडून मिळवला. शकूआत्या नव्या घरात गेल्या. मी बायकांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन करून सगळं सांगितलं, माझं नाव-गाव देऊन. बऱ्याच दिवसांनी एका कर्मचारी बाईंचा फोन आला. त्या घरी जाऊन आल्या होत्या.

“म्याडम, बाई जेवलेल्या होत्या, कपडे स्वच्छ होते. खोलीत अंधार वाटला, पण घरच्यांनी मंजूर प्लॅन दाखवला. त्यात बेडरूमला खिडकी आहे, चौक आहे. सही तुमचीच आहे.”

“तुम्ही खिडकी उघडून पाहिली का?”

“समोर खोके होते. माल आहे म्हणाले, मागं खिडकी आहे म्हणाले.”

“मागं विटा आहेत.”

“आता मी काय लिहू? तुम्हीच तर काढलाय तो नकाशा.”

मी त्यांना साइटवरचे फोटो पाठवले. पुन्हा बोलावलं तर येते म्हणाले. बोलावणं आलं नाही. मीच दोनदा विचारलं, फाइल पुढं पाठवली आहे एवढं कळलं.

मुलाचं लग्न झालं. मध्ये एकदा काकूंचा फोन आला होता, गिलाव्याला ओल येतेय ती कशी थांबवायची विचारायला. मी सांगितलं, हवा नाही म्हणून ओल आहे. त्या म्हणाल्या, “ते ठाव हाय मला.” दुपारी हे दुकानात असले की लोखंडी दार उघडं ठेवते म्हणाल्या. नवी सून घाबरते, म्हणून तेही रोज जमत नाही. शकू आताशा बोलत नाही, हाकाही मारत नाही.

सॉफ्टवेअरचा यात दोष नाही. त्याला भिंत दिली की भिंत दिसते, खिडकी दिली की खिडकी. ती पुढं कोणी बुजवली हे त्याला कळायचं कारण नाही. मी माझी पद्धत बदलली आहे. खोलीला नाव देण्याआधी विचारते, इथं कोण झोपणार? त्या माणसाला एकदा ऑफिसात आणा, आणि घर पूर्ण होईपर्यंत मी कधीही, न सांगता साइटवर येणार, हे लिहून द्या. काही लोक त्यावर उठून जातात. त्यांची कामं शेजारच्या ऑफिसात जातात, आणि तिथं ती होतात.