चौगुल्यांचा शाफ्ट

चौगुले गेल्याची बातमी मला आमच्या कारखान्यातल्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. 'चौगुले सर नो मोर', खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत मध्येच कुणाचं तरी शुभ सकाळचं गुलाबाचं फूल. जन्मभर एका छपराखाली राबलेल्या माणसाची ही किंमत! मी चिडून फोन पलंगावर आपटला. पण चीड त्या फुलावर नव्हती, हे आता महिन्याभरानंतर कबूल करते.

शंकर चौगुले मूळचे निपाणीचे. ते टूलरूममध्ये, मी इन्स्पेक्शनमध्ये. म्हणजे त्यांनी करायचं आणि मी मोजायचं. माझ्या सहीशिवाय त्यांच्या हातचा साधा बोल्टसुद्धा पुढे सरकत नसे. "काय बाई, आज स्वल्प दया करा की," म्हणत ते काम माझ्यापुढे ठेवायचे आणि मी नापास केलं की गुपचूप परत न्यायचे, पुन्हा करून आणायचे. नापास माल लपूनछपून पुढे ढकलणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले. चौगुल्यांनी ते कधी केलं नाही. बाई नाही म्हणाल्या म्हणजे नाही, विषय संपला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची जुनीपुराणी गाडी निपाणीहून ट्रकवर घालून इथे शहरात सर्जापूर रोडला मुलाच्या सोसायटीत आणली. हे खूळ होतं अक्कांसाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, बेळगावात एकट्या राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या. शाळेत शिकवून त्यांनी धाकट्या भावाला इंजिनीअर केलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. वडिलांनी त्या गाडीत मुलीला कधी पुढे बसू दिलं नव्हतं. "अक्काला पुढच्या सीटवर बसवून बेळगावहून निपाणीला नेणार. एकदाच. मग गाडी भंगारात गेली तरी चालतंय," असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

इंजिन सुरू झालं, आणि पहिल्याच फेरीत बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या एक्सलचा शाफ्ट तुटला. ब्रेकची तर बोंबच होती. चाकांतले सिलिंडर गंजलेले, आतल्या रबराचा लगदा झालेला. जे. सी. रोडवरची दुकानं, इथल्या शिवाजीनगरचा भंगारबाजार, म्हणजे गुजरी, सगळीकडे कानडीत एकच उत्तर: "सिगल्ला सार." मिळायचं नाही. एक दुकानदार तर गाडी म्युझियमला द्या म्हणून फिदीफिदी हसला. ब्रेकचे सिलिंडर अखेर कोइमतूरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडले. शाफ्ट मात्र कुठेच मिळेना. तेव्हा तुटलेले दोन तुकडे जुळवून चौगुल्यांनी स्वतः ड्रॉइंग काढलं, यशवंतपूरच्या एका टर्नरच्या उरावर उभं राहून नवा शाफ्ट करून घेतला, आणि काय करावं या माणसानं? जुन्या धोतरात गुंडाळून तो माझ्या घरी आणला. तपासायला! "तुम्ही ओके म्हटल्याबिगर मी अक्काला गाडीत बसवणार नाही, बाई."

मी मायक्रोमीटर काढला. बेअरिंग बसतं तिथे माप दोन शतांश मिलिमीटरनं कमी भरलं. तीनपर्यंत चालतं, ड्रॉइंगवर त्यांनीच तसं लिहिलं होतं. मग घोडं कुठे अडलं? तर मला त्यांच्या निरोप समारंभातलं भाषण आठवलं. "बाईंनी नापास केलेले पीस रचले असते तर इथून निपाणीपर्यंत पूल झाला असता!" अख्खा हॉल हसला होता. मीही हसले होते, दातओठ खात. म्हटलं, थांबा आता. "नापास," मी म्हणाले. "दुसरा करा." वाटलं होतं, भांडतील, ड्रॉइंग नाचवतील, मग हसून ओके म्हणू. ते नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, शाफ्ट गुंडाळला आणि जिना उतरले. मी हाक मारली नाही. पुढे कितीदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला... मेला अहंकार!

दुसरा शाफ्ट लेथवर असतानाच चौगुल्यांना हार्ट अटॅक आला.

तेराव्याला गेले तेव्हा अक्का आल्या होत्या. बसनं. माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही अडवलं. शंकर फोनवर म्हणाला होता, बाईंमुळं वाचलो, वाटेत तुटला असता तर? खरंच धोका होता न्हवं?" मी काय केलं? मान डोलावली. चक्क मान डोलावली आणि दिलेला चहा प्यायले.

गाडी विकली. सोसायटीला पार्किंगची जागा हवी होती, मुलाला कटकट नको होती. तो नापास शाफ्ट मी मागून आणला. माझ्या टेबलावर आहे. रोज मोजते. रोज तूट दोन शतांशच भरते, कमी नाही की जास्त नाही. अक्का रविवारची पुरवणी भिंग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, असं चौगुले कौतुकानं सांगायचे. समोर बसून बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे, त्याच पुरवणीत लिहिते.

अक्का, शाफ्ट चांगला होता.