सिनेमाबाईंचा फसलेला भयपट

बाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्यांनी मला चोर केलं तेव्हा. हजेरीपट घेऊन वर्गाकडे निघालो होतो. त्यांनी अडवलं.

"सर, पुन्हा एकदा चालता का? या मुलांसाठी."

मी चाललो. एका मुलाने खिडकी लावून घेतली, दुसऱ्याने जमिनीवरून माझ्या तोंडावर बॅटरी धरली. "आता सर चोर!" पोरं ओरडली. खिडकी उघडली, एकीने माझ्या हातात फूल दिलं. "आता प्रेमवीर!" माझी पन्नाशी उलटलेली. शिक्षकांच्या खोलीत महिनाभर माझी थट्टा चालली.

सिनेमाचे प्रकार कोणत्या खुणांवरून ओळखायचे, हे बाई असं शिकवत. फळ्यावर व्याख्या कधी लिहिली नाही. त्यांचा वर्ग मात्र एका वर्षाच्या बोलीवर होता. मुख्याध्यापकांनी स्पष्टच बजावलं होतं, "वर्षाअखेर काहीतरी करून दाखवा, नाहीतर त्या खोलीत मोडकी बाकं ठेवू."

मुलांनी भयपट केला. शिकलेली एकही खूण सोडली नाही: काळोख, कुरकुरतं दार, विझणारा दिवा, मांजर, आरशातली सावली आणि पांढरी चादर, सगळं चार मिनिटांत. तो बघताना मुख्याध्यापक हसून हसून डोळे पुसू लागले.

"वा! विनोदी सिनेमा छान जमलाय."

मुलांचे चेहरे पडले. पुढच्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "बाई, हो म्हणा ना. वर्ग वाचेल."

बाई उठल्या. "नाही सर, हा भयपट होता आणि तो फसला. चूक माझी. खुणा शिकवल्या, त्या गाळायला शिकवायचं राहिलं. आठ दिवस द्या."

मला वाटलं, बाईंनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. खोटं बोलायलाही लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं.

आठ दिवस त्या मुलांना एकच विचारत राहिल्या, "हे काढलं तर काय बिघडेल?" मांजर गेलं, चादर गेली, शेवटी काळोखही गेला. उरली भर दुपारची रिकामी वर्गखोली. एक मुलगी खुर्च्या सरळ लावते. वळून बघते, तर एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून. ती सरळ करते. पुन्हा वळते, पुन्हा तेच. बस.

या वेळी कुणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "वर्ग चालू ठेवा," म्हणाले, आणि उठताना आपली खुर्ची कुठे तोंड करून आहे, ते एकदा पाहून घेतलं.

मी निवृत्त झालो त्याला नऊ वर्षं झाली. बाई अजून त्याच खोलीत शिकवतात. या वर्षी त्यांच्या वर्गात एकतीस मुलं आहेत.