पाठ केलेली ओळ

१९९३ साल. फौजेच्या भरतीच्या आदल्या संध्याकाळी गुणवंत थूल आणि मी हिंगणीहून एसटीने वर्ध्याला आलो आणि त्याच्या मावशीकडे मुक्काम केला. वर्षभर आम्ही रोज पहाटे बोर धरणाच्या भिंतीवर पळत होतो. तो कायम माझ्या वीस पावले पुढे असायचा. धावणे, बीमवरचे पुल-अप्स, उडी, कशातही तो मागे पडणार नव्हता. अडचण एकच होती. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. बाहेरून कळत नसे. उजवा झाकला की त्याला समोरचा माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही.

मेडिकलमध्ये माझा नंबर अठरा, त्याचा एकतीस. मी डोळे तपासायचा तक्ता वाचला, खालच्या दोन ओळी डोक्यात ठेवल्या आणि बाहेर येऊन कडुनिंबाखाली त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतल्या. शेवटची ओळ डी, ई, एफ, पी अशी सुरू होत होती. अर्ध्या तासाने तो बाहेर आला.

"एका अक्षरावर मुद्दाम अडकलो," तो म्हणाला. "सारं फटाफट वाचलं असतं तर डॉक्टरले डाऊट आला असता."

कागदावर नोंद झाली: दोन्ही डोळे सहा बाय सहा.

आम्हाला एकच बटालियन मिळाली. तो रायफल सेक्शनमध्ये, मी रेडिओ ऑपरेटर. रेंजवर तो उजव्या डोळ्याने नेम धरायचा आणि बहुतेक वेळा कंपनीत पहिला यायचा. मी त्याच्याकडे पाहिले की म्हणायचा, "डावा तर बंदच करा लागते लेका. सरकारचं काय नुकसान हाय?" सुटीवरून परतताना आम्ही वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे दोन डबे घ्यायचो. ते युनिटपर्यंत कधीच पोहोचले नाहीत. पुढे त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, बढती मिळून तो नाईक झाला. ती आठ वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे होती. तेव्हा ते कळले नाही.

२००१ मध्ये आम्ही काश्मीरमध्ये होतो. त्या दिवशी रोड ओपनिंगची, म्हणजे ताफा जाण्याआधी रस्ता तपासण्याची, ड्यूटी होती. ०९४० वाजता रस्त्याखालच्या मोरीजवळ स्फोट झाला. मी वायरलेस सेटवर होतो.

"वन कॅज्युअल्टी. डोळ्यात स्प्लिंटर. ओव्हर."

"पोझिशन होल्ड करा. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. आउट."

जखमी गुणवंत होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो शुद्धीवर होता. त्याने विचारले, "कोणता हाय?"

"डावा."

तो चक्क हसला. "वाचलो मंग. बेकारवालाच गेला."

त्याच्यासोबत अटेंडंट म्हणून मला मिलिटरी हॉस्पिटलला पाठवले. डोळ्यांचे सर्जन एक मेजर होते. शांतपणे बोलणारे. डोळ्याची जखम टाके घालून बंद केल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतले आणि सगळे समजावून सांगितले. नजर किती परत येईल याचा अंदाज आम्ही पहिल्या दिवसावरून बांधतो, ते म्हणाले. पहिल्या दिवशी काय दिसत होते, टॉर्च मारल्यावर बाहुली लहान होते का, जखम किती मागपर्यंत गेली आहे, पडदा सुटला आहे का. याला फक्त उजेड कळतो, तोही मंद. जखम मागपर्यंत आहे. आशा कमी आहे. असा डोळा तसाच ठेवला तर क्वचित चांगल्या डोळ्यालाही सूज येते, म्हणून काढायचा असेल तर दोन आठवड्यांत काढावा लागतो. मग त्यांनी फाइल उघडली.

"पण हा डोळा पूर्ण चांगला होता. सहा बाय सहा. म्हणून मी अजून प्रयत्न करणार आहे. मुळात अधू असता तर त्याच्यासाठी दुसरा धोक्यात घातला नसता. तू याचा गाववाला. आधी काही त्रास होता?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. खरे सांगितले तर लबाडीने भरती झाल्याचे उघड होईल. त्याची पेन्शन जाईल. माझी नोकरी जाईल. हे सगळे मी एका क्षणात मोजले. डोळा मोजला नाही.

"नो, सर."

डोळा ठेवला. आणखी दोन ऑपरेशन्स झाली. तिसऱ्या महिन्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. औषधांनी सूज उतरली, पण नजर पूर्ण परत आली नाही. त्याला रस्ता दिसायचा. माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. डोळा वेळेवर काढला असता तर हे टळलेच असते का, असे मी मेजरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, खात्रीने कोणी सांगू शकत नाही. मीही स्वतःला बरीच वर्षे तेच सांगितले.

मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवल्यावर तो बोर्ड आउट होऊन गावी गेला. मी २००८ मध्ये निवृत्त होऊन हिंगणीला आलो. सकाळी आम्ही पुन्हा धरणाच्या भिंतीवर जायचो, आता चालायला. तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. एके दिवशी मी त्याला सगळे सांगितले. मेजर काय म्हणाले, मी काय उत्तर दिले.

खांद्यावरचा हात न काढता तो म्हणाला,

"मलेही इचारलं होतं त्यानं. तू चहा आणाले गेलता तवा."

"मंग?"

"मी म्हटलं, एकदम ओके होता सर. भरतीले आठ वर्सं झाल्यावर तुयं नाव सांगू काय?" मग म्हणाला, "चाल. ऊन चढून राह्यलं."

त्याने माझे ओझे हलके व्हावे म्हणून हे सांगितले असेल. झाले नाही. हॉस्पिटलात तो पलंगावर डोळ्याला पट्टी बांधून पडला होता. मी दोन पायांवर उभा होतो.

पुढच्या वर्षी जानेवारीत तो हार्ट अटॅकने गेला. त्याच्या घरी भिंतीवर वर्दीतला फोटो आहे. दोन्ही डोळे सरळ समोर बघतात. त्याची बायको वंदना मला अजून भाऊजी म्हणते. तिला मी हे सांगितलेले नाही. आता हे वाचून तिला कळेल.

तो गेला त्याच वर्षी पावसाळ्यात दूरचे दिसेना म्हणून मी वर्ध्याला डोळे तपासायला गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा डोळा झाकला आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. समोर नुसते काळे ठिपके होते. माझे तोंड आपोआप सुरू झाले. डी, ई, एफ, पी. तिथे मी थांबलो.

"छान," त्या म्हणाल्या. "पुढे?"

"मॅडम, दिसत नाही," मी म्हणालो. "पाठ आहे."