नवरदेवाने कान पिळायचा नसतो

भावोजी गेल्याचा फोन मला ब्रायनने केला. ताईने नाही, गौरीने नाही, ब्रायनने. "मावशी, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि तेही मराठीत, 'गेले'मधला 'ले' आपला अमेरिकन लांबवून. मी एडमंटनला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. फोडणीत जिरं पडलेलं, ते जळून काळं झालं तरी मी आपली फोन कानाला धरूनच. खोटं कशाला सांगू, पहिला विचार भावोजींचा आलाच नाही. पहिला विचार आला तो हा, की ज्या जावयाचं नाव या माणसाने वर्षभराहून जास्त काळ घरात काढू दिलं नाही, त्यानेच आज आम्हाला कळवावं... मग शेगडी बंद केली, खाली फरशीवर बसले आणि पोटभर रडले. त्यालाही आता काही आठवडे झाले. बर्फ वितळायला लागलाय, आणि मला जरा सुचायला लागलंय.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान. मूळ अमरावतीचे. सस्काटूनच्या विद्यापीठात त्यांनी जन्मभर अमेरिकेचं राजकारण शिकवलं. लोकांना याची मोठी गंमत वाटायची, की वऱ्हाडातला माणूस कॅनडात बसून अमेरिका शिकवतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. अमेरिका बघायला सस्काटूनसारखी जागा नाही, म्हणायचे, जवळ आहे आणि धक्का लागत नाही. पण ते नुसते लांबून बघणारे नव्हते हो. डॉक्टरेट त्यांनी कॅन्ससला केली होती, एका शेतकऱ्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन, आणि त्या देशावर त्यांचा जीव होता. ओळख ना पाळख, त्या शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी आपल्या ट्रकची किल्ली यांच्या हातात दिली होती. ते सांगताना त्यांचा आवाज दरवेळी बदलायचा. तोच शेतकरी निवडणुकीच्या दिवसांत म्हणायचा, आमच्याकडे वारा असा सुटतो की मत टाकायचं या गावात आणि मोजायचं पुढच्या गावात. भावोजी दर सप्टेंबरला नव्या वर्गाला पहिल्या तासाला हेच ऐकवायचे आणि विचारायचे, हा माणूस बढाई मारतोय की स्वतःला हसतोय? पोरं दोन गटांत भांडायची. मग हे सांगायचे, दोन्ही करतोय, एका श्वासात करतोय, आणि हे ज्याला कळलं त्याला अमेरिका कळली. नुसती बढाई उरली, हसणं गेलं, की आपण इकडे दाराला कडी लावायची. वर्ग खूश व्हायचा. तेवढ्यात त्यांच्यावरच उलटायचे. तुम्ही का हसताय? 'निदान आम्ही तसले नाही' एवढ्या एका वाक्यावर तुमच्या देशाची सगळी ओळख उभी आहे, हे आधी लिहून घ्या. अशी दोन्हीकडून हजेरी घेऊनही पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

त्यांची विनोदाबद्दलची सगळी थिअरी मात्र कॅन्ससमधून आली नव्हती. ती आली अमरावतीच्या एका मंगल कार्यालयातून, आणि सांगायला लाज वाटत नाही, माझ्यामुळे आली. त्यांच्या लग्नात कानपिळी करायला आम्हाला भाऊच नव्हता. आम्ही दोघी बहिणीच. चुलतभाऊ ठरला होता, तो ऐन वेळी तापाने पडला. भटजी म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, राहू दे कसं? आमच्या बहिणीला नेताय ना? मी कॉलेजात होते, डोक्यात कायम राख घातलेली. गेले पुढे आणि नवरदेवाचा कान असा पिळला की त्यांच्या तोंडून चक्क "आई गं" निघालं. त्यांच्या आत्याबाईंनी नाकं मुरडली. भावोजी लालबुंद कान घेऊन हसत होते. कानपिळीचा मान म्हणून भावासाठी आणलेलं शर्टपीस त्यांनी मला दिलं, मी त्याचा कुडता शिवला आणि फाटेपर्यंत वापरला. पुढे हे ते इंग्रजीतून गोऱ्या पोरांना सांगायचे, स्वतःचा कान धरून. बघा, म्हणायचे, अख्ख्या लग्नात मुलीकडचे वाकलेले असतात. एकच क्षण असा असतो की त्यांनी दुखवायचं आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याने हसून सोसायचं. चेष्टा म्हणतात ती हीच, खालून वर जाणारी. माझ्या एका पिळण्याचा त्यांनी एवढा मोठा सिद्धांत केला. मला आपलं वाटायचं, प्रोफेसर लोकांना काहीही पुरतं.

गौरी त्यांची एकुलती एक. तिने अमेरिकेतल्या मिनेसोटाचा ब्रायन पसंत केला तेव्हा भावोजींना मनापासून आनंद झाला. लग्न सस्काटूनला, कम्युनिटी हॉलमध्ये, बाहेर भर जुलैत डास. कानपिळीला माझा मुलगा निखिल उभा राहिला. हा इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. त्याने काय करावं? आधी दोनदा "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि मग दोन बोटांनी ब्रायनचा कान नुसता धरला, आंबा पिकलाय का बघावं तसा. आणि ब्रायनला कुणी तरी अर्धवट सांगून ठेवलेलं, त्याला वाटलं ही स्पर्धाच आहे. त्याने निखिलचा कान धरून असा पिरगाळला, वर मान काखेत दाबली, आणि विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे बघायला लागला. हॉलमध्ये जो हशा पिकला, विचारू नका. भावोजींची तर हसून हसून पुरेवाट झाली. डोळे पुसत मला म्हणाले, कॅनडाने पिळायच्या आधी माफी मागितली आणि अमेरिकेने उलट पिळला, मेहुणीबाई, माझं सगळं सिलॅबस झालं की गं एका मिनिटात! मग त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारून त्याला नीट समजावलं, नवरदेवाने कान पिळायचा नसतो, नवरदेवाचा पिळतात. ब्रायन लाजला. गोड मुलगा. त्यांचं छान जमायचं, दर ख्रिसमसला बेसमेंटमध्ये बसून दोघं तासन्तास हॉकी बघायचे.

आणि मग गेल्या वर्षीच्या आधीचा तो हिवाळा आला. कॅनडाने अमेरिकेचं आणखी एक राज्य व्हावं, ही गंमत दक्षिणेकडून रोज बातम्यांत येत होती. इकडे लोकांनी ग्रोसरीत डब्यांवरचा देश वाचून अमेरिकन डबे परत ठेवायला सुरुवात केली होती. त्या हिवाळी सुट्टीत गौरी आणि ब्रायन आले होते, मीही ताईकडेच होते. जेवणं चालली होती, ताईने पुरणपोळ्या केलेल्या. ब्रायनने तूप वाढून घेतलं आणि सहज म्हणाला, एक बरं होईल बाबा, तुम्ही आमचं राज्य झालात की आमच्याकडे यायला तुम्हाला पासपोर्ट लागणार नाही. ताई हसली, ती पाहुण्यांच्या सगळ्याच विनोदांना हसते. भावोजींनी घास खाली ठेवला. ब्रायन म्हणाला, "आय'म किडिंग, बाबा." भावोजी मराठीत म्हणाले, "नवरदेवाने कान पिळायचा नसतो," आणि पान तसंच टाकून उठले. गौरी चिडली. इंग्रजीत म्हणाली, तो देश तुम्हाला माझ्या जन्माच्याही आधीपासून आवडत होता, आणि आता त्याचा राग माझ्या नवऱ्यावर? ते लोक दुसऱ्या दिवशीच निघून गेले. भावोजींनी जाहीर केलं की आता मी बॉर्डर ओलांडणार नाही. गौरीने कळवलं, तुम्ही येणार नसाल तर आम्हीही येणार नाही. मधल्या मधे ताई वाळत चालली.

मी गप्प बसणारी नव्हे. फोन करून भांडले, तेवढ्याने होईना तेव्हा गाडी काढून सस्काटूनला गेले आणि तोंडावर विचारलं, तुम्ही प्रोफेसर आहात की सासरे आहात? पोराने साधी थट्टा केली, त्यात त्याचा काय दोष? ते खिडकीशी बसले होते, कमालीचे शांत. म्हणाले, ज्याला मारता येत नाही तो चिमटा काढतो, ते मी समजू शकतो. ज्याला मारता येतं तो चिमटा काढायला लागला की समजावं, अंदाज घेतोय. ब्रायन नव्हे गं, पण ब्रायनच्या तोंडात ते आलं ना, तूप वाढून घेता घेता... मी म्हटलं, एवढं लावून घ्यायचं? तेव्हा जे बोलले ते मी विसरणार नाही.

"मी देश एकदा बदललाय, मेहुणीबाई. स्वतःच्या हाताने, आईला रडताना बघून बदललाय. तो कुणी गमतीत बदललेला मला चालणार नाही."

ते बरोबर होते, आणि बरोबर असूनही मुलीला हरवून बसले होते. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्याबद्दल वाटायचा तो जिव्हाळाही दुप्पट झाला. या वयात कुणी तत्त्वासाठी असं झुरतं का हो? ताईसाठी तरी सोडायचं. नाही सोडलं.

मग या जानेवारीत पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी बाहेर बोलावून हळू आवाजात सांगावं असंच निघालं. गौरी विमानाने धावत आली. बापलेक गळ्यात पडले, पण ब्रायनचं नाव दोघांपैकी कुणी काढेना. हॉस्पिटलच्या त्या खोलीत ते नाव सगळ्यांच्या मधे बसलेलं असायचं. ताई मला कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हणाली, हे असेच गेले तर गौरी जन्मभर नवऱ्याकडे कुठल्या नजरेने बघेल गं? तिला तेवढीच धास्ती होती, आणि भावोजींचे दिवस भराभर संपत होते.

एका दुपारी दार ढकललं गेलं आणि दारात ब्रायन उभा. न सांगता, मिनेसोटाहून नॉर्थ डकोटा पार करून, भर हिवाळ्यात गाडी चालवत आला होता. पार्काचा जाड कोट अंगात, बुटांना बर्फ. आत येईना. गौरी उठली नाही, बापाकडेच बघत राहिली. भावोजींनी मान वळवली. ब्रायन तिथूनच म्हणाला, बाबा, बॉर्डरवर तुमच्या कस्टम्स ऑफिसरने विचारलं, जाहीर करण्यासारखं काही बरोबर आणलंय का? मी म्हटलं, फक्त लाज. तो म्हणाला, स्वतःच्या वापरापुरती असेल तर जा.

कुणी हसलं नाही. भावोजींनी हळूहळू चष्मा कपाळावर सरकवला. वर्गात पेपर परत देताना ते असंच करायचे. म्हणाले, "बी प्लस. आणि तो प्लस त्या ऑफिसरचा." ब्रायन हसला आणि हसता हसताच रडायला लागला, सहा फुटांचा गडी, बुटांसकट येऊन पलंगाच्या कडेला बसला. ताईने फरशीवरच्या बर्फाच्या पाण्याबद्दल त्याला रागावलं. तिच्या तोंडून राग ऐकून मला इतकं बरं वाटलं!

मग ते रोजचंच झालं. दुपारी ब्रायनने एक विनोद सांगायचा, स्वतःच्या देशावर, आणि भावोजींनी मार्क द्यायचे. सी प्लस, बी मायनस, एकदा चक्क नापास. का, असं विचारलं की सांगायचे, ते तुझं तू शोध. ए त्यांनी त्याला दिलाच नाही. विद्यार्थ्यांनाही सहसा देत नसत म्हणे. एके दिवशी ब्रायनने विनोद सांगितला नाही. खाली बघत म्हणाला, बाबा, त्या दिवशी मी ते बोललो ना, तेव्हा मला आतून भीती वाटत होती. आमच्याकडे काय चाललंय ते कळेना, म्हणून हसलो. भावोजींनी त्याचा हात धरला. याला मार्क नसतात, म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही. गौरी खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि मी आणि ताई उगाचच चहा आणायला खाली गेलो. शेवटच्या सकाळी त्यांच्याजवळ ब्रायनच होता. ताई आणि गौरी घरी आंघोळीला गेलेल्या, आणि मी दोनच दिवसांपूर्वी एडमंटनला परतलेली.

गेल्या आठवड्यात मी सस्काटूनला ताईकडे राहून आले. रविवारी दुपारी तिचा फोन वाजला. ती म्हणाली, ब्रायन असेल, आता दर रविवारी करतो. तिने फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला आणि हात जोडून समोर बसली, परीक्षेला बसावं तशी. ब्रायनने सांगितलं, आई, शेजारी विचारत होता, सारखा कॅनडाला जातोस, भीती नाही वाटत? मी म्हटलं, वाटते ना. तिथले लोक माझ्याशी इतकं चांगलं वागतात की वाटतं, यांच्याकडे बातम्या पोचतच नाहीत की काय.

ताई टेबलावरच्या फोनकडेच बघत राहिली. मला वाटलं, हिला कळला नाही. पन्नास माणसांत ही माझी बहीण नेहमी सगळ्यांच्या मागून हसायची. मग तिचे खांदे हलायला लागले. हसली, खरंच हसली, ते गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मग स्वेटरची बाही डोळ्यांना लावून बसून राहिली. पलीकडून ब्रायन घाबरून "आई? आई?" करत होता. तिने घसा साफ केला. चष्मा कपाळावर सरकवला.

"ए मायनस," ती म्हणाली. "मायनस का, ते तुझं तू शोध."

मग ब्रायन म्हणाला, "येस, बाबा."