हार घातलेला प्रीतम

कळव्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या शेवंतीताई पडवळ मोबाइलवर येणारे फोटो चार प्रकारांत मांडतात: देवाचे, हसायचे, औषधाचे आणि गेलेल्यांचे. पूर्वी गुलाबावर ‘सुप्रभात’ यायचं, मग नवरा-बायकोचे विनोद आले, मग स्टिकर. इथपर्यंत त्या सगळ्यांच्या पुढे. नंतर सिनेमातल्या माणसाच्या तोंडी ऑफिसचं रडगाणं घालायची टूम निघाली, तेव्हा मात्र त्या मागे पडल्या. मुलगा प्रीतम पोट धरून हसायचा आणि त्या विचारायच्या, “ह्यात हसायचं काय?”

चौथ्या प्रकारात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नाही. गावच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी त्याच टाकतात. काळापांढरा फोटो, झेंडूचा हार, खाली दोन समया, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. त्यांचा मेसेज आला की लोक चपला घालतात. खरं का, असं कुणी विचारत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराला त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. एका दमात सांगू लागल्या. प्रीतमचा मित्र मितेश, त्याने स्टेटसला प्रीतमचा फोटो ठेवला होता. काळापांढरा. हार, समया, सगळं. प्रीतम नऊला बाइकवरून घोडबंदर रोडला ऑफिसला गेलेला. फोन वाजत होता, उचलत नव्हता. मितेशला लावला तर त्याने कट केला.

“मेघना, कट का केला गं त्याने?”

आईला कसं सांगायचं हे कळत नसेल, म्हणूनच कट केला असेल, असं मला वाटलं. आम्ही तशाच रिक्षात बसलो.

रिक्षा माजिवड्याला अडकली. ताईंनी मोबाइल छातीशी घट्ट धरलेला. पुन्हा बघायची त्यांची हिंमत नव्हती आणि मलाही देत नव्हत्या. त्या रडत नव्हत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

“समया दोन आहेत,” त्या एकदाच म्हणाल्या. “नीट केलंय कुणीतरी.”

शेवटी मी मोबाइल ओढून घेतला. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘शेवटच्या ओव्हरला हातातला कॅच सोडून आम्हाला पोरकं करून गेला.’ रविवारच्या मॅचची मस्करी! मितेश समोर असता तर त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. मी ताईंना वाचून दाखवलं.

“मग फोन का उचलत नाही तो?”

भीती परत आली.

ऑफिसच्या गेटवरच्या वॉचमनने आत फोन लावला. पाच मिनिटं गेली. मग काचेच्या दारातून प्रीतम आला, गळ्यात ओळखपत्र. नवीन कामामुळे त्या दिवसापासून मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा होता, घरी सांगायला विसरलेला. मी त्याला ताईंच्या मोबाइलवरचा फोटो दाखवला, मितेशने फोन कट केल्याचंही सांगितलं.

“आई, मीम आहे गं ते! सगळेच करतात. मितेश मीटिंगमध्ये असेल, म्हणून कट केला,” तो हसायलाच लागला.

ताईंनी त्याचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

“उद्या माझा असा फोटो तुझ्या मोबाइलवर आला,” त्या म्हणाल्या, “तर तू हसशील, की घरी येशील?”

प्रीतमचं हसू तिथेच थांबलं.