जज्जसाहेबांची फळी

आमचे जज्जसाहेब आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडखाली त्यांचं गॅरेज होतं. गाडी नेली की ते बॉनेटला हातसुद्धा लावायचे नाहीत. आधी ड्रायव्हरला तिपाईवर बसवायचे, स्वतः पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसायचे आणि म्हणायचे, "हां, सांग. सकाळपासून सांग." गाडी कधी सुरू केली, कुठे थांबली, थांबण्याआधी झटके दिले का, ऊन होतं का, चढ होता का, आत माणसं किती, सगळं. एखादा घाईतला ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "अहो काका, उघडून तर बघा!" तर हे शांतपणे, "गाडीला तोंड नाय. तुला हाय. तू बोल."

पुराव्याशिवाय शिक्षा नाही, हा त्यांचा दुसरा हेका. इतर गॅरेजवाले "हे बदलून बघू, नाही जमलं तर ते बदलू" म्हणतात ना, त्या वाक्याची त्यांना मनापासून चीड होती. "बदलून बघू म्हणजे? गावात चोरी झाली म्हणून दिसंल त्याला फटके द्यायचे का?" एखादा पार्ट खराब आहे हे स्वतःला पटेपर्यंत ते तो काढायचे नाहीत, मग तुम्ही कितीही पाय आपटा. त्यावरून कुणीतरी त्यांना जज्जसाहेब म्हणालं आणि ते नाव चिकटलं. खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी वाचताना मी कुणाला पाहिलं नाही.

काढलेला पार्ट ते भंगारात टाकत नसत. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून गाडीवाल्याच्या हातात द्यायचे. "घरी ने. कशानं मेला ते ध्यानात राहतं." अंबडमधल्या अर्ध्याअधिक ड्रायव्हरांच्या घरी माळ्यावर अशा पुड्या निघतील, पैजेवर सांगते. माझ्या घरी तर होतीच.

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी मखमलाबादची. माहेरी फुलं, सासरीही फुलं. झेंडू, शेवंती घेऊन पहाटे फूलबाजार गाठायचा, म्हणून लग्नानंतर वर्षभरात टेम्पो चालवायला शिकले. पुढे एका संस्थेला फिरत्या नेत्रदवाखान्यासाठी ड्रायव्हर हवा होता, तिथे जाऊन उभी राहिले. पांढरी पेट्रोलची व्हॅन. मागची बाकं काढून आत तपासणीची खुर्ची, डोळे बघायचं यंत्र, भिंतीला अक्षरांचा तक्ता. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जायचं, डोळे तपासायचे, मोतीबिंदू निघाला तर त्या म्हाताऱ्या माणसांना नाशिकला ऑपरेशनला आणायचं आणि परत पोचवायचं. संस्थेचे व्यवस्थापक, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, चष्म्यावरून बघत म्हणाले, "घाटाचा रस्ता आहे बाई. झेपेल?" मी म्हटलं, "भरला टेम्पो झेपतो, मग हिला काय धाड भरलीय?" तोंडाळ आहेच मी. नोकरी मिळाली, आणि त्या गाडीवरची मी पहिली बाई झाले.

वर्षभर सगळं छान चाललं. मग गाडी दुपारची थांबायला लागली. सकाळी शहाण्यासारखी निघायची, उन्हं चढली की चढावर दम तोडायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू, जसं काही घडलंच नाही. दोनदा झालं तेव्हा मी सकाळी सकाळी अंबडला गेले आणि तिपाईवर बसून सगळं सांगितलं. सगळं ऐकून जज्जसाहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"टाकीत पेट्रोल किती असतं?"

"असतं की. अर्ध्याच्या वर."

हे धडधडीत खोटं होतं. डोंगरात पेट्रोलपंप नाहीत म्हणून टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवायची, हा संस्थेचा नियमच होता. पण आमच्या आवारातून दोनदा गाडीचं पेट्रोल चोरीला गेलं होतं. दोन्ही वेळा साहेबांनी मलाच उभं करून उलटतपासणी घेतली होती, मीच प्यायल्यासारखी. तेव्हापासून मी कुणाला न सांगता टाकी तळाला ठेवायला लागले होते. येण्याजाण्यापुरतं घालायचं, काटा खाली टेकलेला असतानाच गाडी आणून लावायची. चोर येऊ देत, चाटू देत रिकामी टाकी! मला वाटे, काय हुशार मी. त्या दिवशी गॅरेजला येताना मात्र पेट्रोल भरून आले होते. जज्जसाहेबांना संशय यायचं कारणच नव्हतं.

त्यांनी तपासलं. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो. चावी फिरवली की दोन सेकंद बारीक गुणगुणतो आणि इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो. तो छान गुणगुणला. दाब मोजला, तोही बरोबर. मग पंपाला करंट देणारी काडेपेटीएवढी डबी, तिला रिले म्हणतात, ती उघडली तर आतून जराशी काळवंडलेली. "हा दिसतोय गडी," म्हणाले. रिले बदलला, जुना पुडीत बांधून मला दिला. मी खुशीत घरी.

आठच दिवसांत सावळघाटात गाडी मेली. दुपारी दोनचं रणरणतं ऊन, आत ऑपरेशनला निघालेली चार म्हातारी माणसं, आणि दवाखान्यात डॉक्टर त्यांची वाट बघत बसलेले. एक आजोबा खिडकीतून डोकावून म्हणाले, "बाई, गाडीलाबी मोतीबिंदू झाला का काय?" बाकीचे तिघं हसले. मला रडू येत होतं. जज्जसाहेबांना फोन लावला.

"चावी फिरव. मागं टाकीपाशी आवाज येतो?"

"नाही काका."

"पायात काय हाय तुझ्या?"

"चप्पल."

"चांगली जाड हाय ना? काढ. गाडीखाली वाक आणि टाकीच्या बुडाला चार ठोकी दे. फोडू नको, उठव."

भर रस्त्यात, साडी खोचून, मी संस्थेच्या गाडीला चपलेने बडवलं. आणि चालू झाली की हो ती! पण पुढे आणखी दोनदा थांबली. दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते, ऑपरेशनं दुसऱ्या दिवसावर गेली आणि बोभाटा ऑफिसात पोचला. साहेब म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात घाटातली गाडी दिली, तिथेच चुकलं. सोमवारी बघू काय करायचं ते." काय करायचं ते ठरलेलं होतं. ऑफिसच्या शिपायानेच मला सांगितलं, नवा ड्रायव्हर बघून ठेवलाय म्हणून.

जज्जसाहेब म्हणाले, "आता गाडी दुपारी आण. तापलेली." आणि स्वतः शेजारी येऊन बसले. पाथर्डी फाट्यापर्यंत आणि परत, भर उन्हात आम्ही फेऱ्या मारत राहिलो. गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर गाडीने मान टाकली. ते इतके खूश झाले की मला वाटलं, आता पेढे वाटतात. लोकांना हाक मारून गाडी शेडमध्ये ढकलून घेतली. टाकीला कान लावला, चुप्प. पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. "करंट येतोय, पण गुणगुण नाय. रिले बिचारा निर्दोष होता गं."

मग त्यांनी टाकीखाली कॅन लावून पेट्रोल काढायला घेतलं. धार लागली, बारीक झाली आणि लगेच थांबली. कॅनचं बूडही जेमतेम झाकलं होतं. या वेळी गडबडीत पेट्रोल भरायचं राहूनच गेलं होतं. जज्जसाहेबांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्ध्याच्या वर?"

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चोरीपासून सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, निदान ओरडतील. त्यांनी टाकी उतरवली, आतला पंप काढून माझ्या हातावर ठेवला. त्याची टोकं करपून तपकिरी झाली होती. "पंप पेट्रोलात बुडालेला असतो म्हणून गार राहतो. तू रोज उघडा पाडत होतीस. ऊन, चढ आणि वर उपाशी. किती दिवस निभावंल?" एवढंच म्हणाले.

नवा पंप बसवताना त्यांनी टाकीच्या तोंडाची रबरी रिंगही नवी घातली. जुनी रिंग परत घालणाऱ्यांना ते शेलक्या शिव्या देत. टाकी चढवली, पेट्रोल भरलं. गाडी सुरू न करता तीनदा नुसती चावी फिरवायला लावली. "ऐक. हा आवाज ओळखीचा करून ठेव." मधमाशीसारखी बारीक गुणगुण होती. मेलेला पंप पुडीत बांधून मला दिला आणि म्हणाले, "तो रिले आण परत. तो फळीवर जायचा."

ती फळी त्यांच्या क्रेटच्या बरोबर समोर टांगलेली होती. मी टेम्पोच्या दिवसांपासून तिला शोभेची समजत होते. चाळीस वर्षांत ज्यांना त्यांनी चुकून खराब ठरवून काढलं, असे पाच पार्ट तिच्यावर खिळ्यांना टांगलेले, आणि प्रत्येकाखाली रंगाने चूक लिहिलेली. गिऱ्हाइकाकडून मागून परत आणायचे ते. माझा रिले सहावा. खाली त्यांनी लिहिलं, "दुपारची तक्रार, सकाळी तपासली."

सोमवारी धुतलेला शर्ट घालून ते माझ्याबरोबर ऑफिसात आले. मी बोलावलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, माणसं घाटात अडकली ती माझ्यामुळं. पंप आधीच मरायला टेकलेला, मी गार गाडी तपासली आणि भलताच पार्ट बदलला. या ताईनं तर बंद गाडी चपलेनं उठवून आणली. तिच्या चालवण्यात काय खोट नाय."

साहेब जरा वरमले. मग म्हणाले, "पण पंप इतक्या लवकर जातो कसा?"

जज्जसाहेब वळले. माझ्याकडे बघून थांबले. ती माझी वेळ होती. "साहेब, मी टाकी रिकामी ठेवत होते, मी काकांशी खोटं बोलले," एवढंच म्हणायचं होतं. मी, जिची जीभ अख्ख्या फूलबाजाराला ठाऊक, ती फरशीकडे बघत राहिले. नोकरी जाईल, एवढीच भीती. शेवटी जज्जसाहेबच म्हणाले, "कशानं गेला ते चालवणाऱ्याला ठाऊक हाय. परत नाय जायचा." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

माझी नोकरी राहिली. बाहेर आल्यावर मी "काका..." म्हणून सुरुवात केली, तर हात वर करून म्हणाले, "माझी साक्ष झाली. तुझी तू बघ. आता चहा पाज." टाकीला कुलपाचं झाकण त्यांनीच आणून बसवलं.

काही महिन्यांनी ब्रेक कुरकुरत होते म्हणून मी गॅरेजला गेले. मनात धाकधूक, आता हे माझं कशाला ऐकतील? त्यांनी तिपाई पुढे सरकवली. "हां, सांग. सकाळपासून सांग." मला हुंदकाच फुटला. "ब्रेकसाठी रडणारी पहिलीच बाई बघतोय," म्हणाले. मी विचारलं, "अजून माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवता?" तर हसून म्हणाले, "मग काय गाडीला विचारू?"

गेल्या दिवाळीआधी जज्जसाहेब गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. शेड रिकामी करताना त्यांच्या मुलीचा फोन आला, "मावशी, ती फळी कुणाला द्यावी कळत नाहीये. तुम्ही नेता?" मी गेले. क्रेट तिथेच होता, तिपाईही होती. मला त्या तिपाईवर बसवेना. आपलं ऐकून घेणारं एक माणूस कमी झालं, की या वयातही पोरकं वाटतं, काय सांगू.

साहेब केव्हाच निवृत्त झाले. संस्थेकडे आता तीन गाड्या आहेत आणि तीनही चालवणाऱ्या बायका. फळी मी आमच्या गाड्यांच्या शेडमध्ये, चाव्या अडकवतो त्या खुंट्यांशेजारी लावली. मग घरी माळ्यावरची पुडी उतरवली. वर्तमानपत्राचा भुगा झाला होता, आत पंप तसाच, करपलेल्या टोकांचा. रिलेच्या शेजारी सातवा खिळा ठोकला, पंप टांगला आणि बाकीच्या दोघी ड्रायव्हरणी बघत असताना खाली रंगाने लिहिलं, "विचारलं होतं. मी खोटं सांगितलं." त्याखाली माझं नाव घातलं.