कवळीकाकांनी सरळ केलेला जबडा

दुसऱ्या मजल्यावरचे कवळीकाका हल्ली उंदरांना कवळ्या करून देतात, अशी बातमी खालच्या इस्त्रीवाल्याकडून निघाली आणि गच्चीपर्यंत पोचली. साफ खोटी. काकांनी उभी हयात माणसांच्या कवळ्या घडवल्या, एवढंच खरं. दुकान मुलाच्या हवाली करून ते घरी बसले आणि काकूंच्या डब्यांची झाकणं 'नीट बसवू' लागले. आठवड्याभरात काकूंनीच त्यांना संग्रहालयात जीवाश्म साफ करायला पिटाळलं. "महिनाभर बघू, मग कायम करू," असं तिथल्या संशोधक बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून काकूंचा जीव त्या महिन्याला टांगलेला.

पहिलंच काम म्हणजे खाणीतून आलेलं मातीचं ढेकूळ. आत शेंगदाण्याएवढा जबडा. काकांनी सुईनं माती टोकरली, भिंगाखाली तुकडे जुळवले. मागच्या कोपऱ्याचा तिळाएवढा तुकडा मात्र काही केल्या आतच वळून बसे. आता वाकडा जबडा दिसला की काकांच्या बोटांना खाज सुटणारच. मेणाचा टेकू देऊन त्यांनी तो डिंकानं सरळ चिकटवला आणि शीळ घालत बाईंकडे नेला.

बाईंनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मला वाटलं होतं, हा ऑपॉसमच्या गोतावळ्यातला असेल. पण कोपरा सरळ आहे. म्हणजे नसणार."

"हे ऑपॉसम कोण?"

"मांजराएवढं, टोकदार नाकाचं जनावर. पिल्लं पोटपिशवीत वाढवतं. त्याचे पूर्वज डायनोसॉरच्या पायांखालून पळायचे. पुढे गोतावळा कितीतरी खंडांवर पांगला आणि बहुतेक ठिकाणी संपला. कांगारूंची ऑस्ट्रेलिया सोडली तर दक्षिण अमेरिकेत तेवढा तगला, मग मधे जमीन जोडली गेली तसा उत्तरेत पुन्हा शिरला. आपल्याकडे होता का, ते या एका जबड्यावरून कळलं असतं. दात पार झिजलेत. पिशवीवाल्यांचा जबडा मागे आत वळतो, तेवढीच काय ती खूण."

काकांची शीळ कधीच थांबली होती. गप्प राहिले असते तर नोकरी पक्की होती.

"बाई, वळला होता तो. मीच सरळ केला."

बाईंनी जबडा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "सुटेल?"

"सुटेल. पण हात हलला तर पीठच."

काकांनी ब्रशच्या टोकावर ॲसिटोनचा थेंब घेतला. बाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिल्या, इकडे बघवेना. डिंक सैल झाला, तुकडा हलला. काकांनी श्वास कोंडला, कारण फुंकरीनंही तो उडाला असता. शेवटी कोपरा पुन्हा आत वळून बसला, रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून.

बाईंनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि हसल्या. "उद्यापासून कायम. पण काका, इथे कुणाला सुधारायचं नाही."

आनंदाच्या भरात बाईंनी काकूंना फोनवर सगळं सांगून टाकलं. काका घरी येतात तोच काकू दारात.

"पहिलंच गिऱ्हाईक परत आलं म्हणे?"

चपला काढता काढता काका म्हणाले, "आलं. पण जेवताना टोचतंय, असं नाही म्हणालं."